सत्तेचाळिसाव्या पानावरचे टिंब

मित्रांनो, मी एक जुने पुस्तक आहे आणि माझ्या कपाळावर 'खराब' असा निळा शिक्का आहे. सध्या माझा मुक्काम ग्रंथालयातल्या देवघेवीच्या टेबलाच्या आखूड पायाखाली असतो. टेबल आता डगमगत नाही. माझा एवढाच उपयोग उरला आहे, असे ग्रंथपालांचे मत आहे.

मी प्रोग्रॅमिंग शिकवतो. तेही मुक्त सॉफ्टवेअरवर, म्हणजे जे कुणीही उघडून पाहावे, बदलावे आणि दुसऱ्याला द्यावे अशा सॉफ्टवेअरवर. मला लिहिणाऱ्या पाच मास्तरांनी पहिल्याच पानावर छापले होते, 'चूक दिसली तर सुधारा आणि पुढच्याला द्या.' माझ्या दोन प्रती इथे आल्या. जुळा भाऊ सगळ्यांत वरच्या फळीवर गेला, मी हाताशी येणाऱ्या खालच्या फळीवर. त्यामुळे झीज माझ्या वाट्याला आली आणि, खरे सांगतो, सुखही.

चूक आम्हा दोघांत होतीच. सत्तेचाळिसाव्या पानावर एका ओळीच्या आरंभी टिंब छापायचे राहून गेले होते. ती ओळ जशीच्या तशी टाइप केली की संगणक म्हणे, अशी फाइल नाही. पंखे दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीने तीन दिवस डोके खाजवले आणि चौथ्या दिवशी माझ्या समासात पेन्सिलने लिहिले, 'इथे टिंब हवे. चूक पुस्तकाची आहे, तुमची नाही.' पुढे एका नर्सबाईंनी संगणकाला द्यायची एक जुनी झालेली आज्ञा खोडून शेजारी नवी लिहिली. एका निवृत्त पोस्टमनने तर कुठली प्रकरणे गाळली तरी चालतील, याची यादीच मागच्या कोऱ्या पानावर दिली, आणि खाली 'उगाच शहाणपणा करून वाचू नये' अशी तंबी. दहा वर्षे मी असा भरत गेलो. मला तेव्हा स्वतःचा फार अभिमान वाटे.

मग नवे ग्रंथपाल आले. माणूस टापटिपीचा. पुस्तक निवडायची त्यांची कसोटी सोपी होती: जाड, चकचकीत आणि कोरे. मला उघडताच ते ओरडले, "अरे, काय गिरगटून ठेवलंय हे!" आणि शिक्का मारून मोकळे झाले.

शिक्क्याची शाई वाळायच्या आत एक बाई टेबलाशी आल्या. बावीस वर्षे त्या एका छापखान्यात मुद्रिते तपासत होत्या, म्हणजे छापायच्या मजकुरातल्या चुका शोधत होत्या. आता तिथले सगळे काम संगणकावर जाणार होते. पंधरा दिवसांनी प्रोग्रॅमिंगची परीक्षा होती आणि नापास होणाऱ्याला घरी बसवणार होते. घरी अंथरुणाला खिळलेली आई. बाईंनी मला उचलून दोन-चार पाने चाळली.

"हेच द्या. याच्यातून कुणीतरी शिकलेलं दिसतंय."

"अहो ताई, ते बाद झालंय. हे घ्या. कोरं करकरीत आहे, कुणी हातसुद्धा लावला नाहीये."

बाईंना वाद घालायची सवय नव्हती. त्या माझ्या भावाला घेऊन गेल्या. मला तेव्हा ओरडता आले असते तर! पण आमचे तोंड दुसऱ्याने उघडावे लागते. त्याच संध्याकाळी मी टेबलाखाली गेलो.

तीन आठवड्यांनी बाई परत आल्या. भावाला टेबलावर ठेवून म्हणाल्या, "नाही जमलं हो मला. एकाच ओळीवर अडकले. शंभरदा टाइप केली असेल."

"होतं असं, ताई. या वयात जडच जातं," ग्रंथपाल म्हणाले. तेही मायेने म्हणाले, याचाच मला जास्त संताप आला. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका पकडणाऱ्या या बाईंना संगणकाच्या परक्या भाषेतल्या छापील ओळीचा संशय आला नव्हता. चूक आपलीच, असे त्या धरून चालल्या होत्या.

सही करताना त्यांचे पेन खाली पडले. वाकल्यावर त्यांना मी दिसलो. त्यांनी मला ओढून काढले, तसे टेबल कलंडले आणि शाईचा पॅड ग्रंथपालांच्या पायावर पडला. बाईंनी तिकडे पाहिलेही नाही. त्यांनी थेट सत्तेचाळिसावे पान काढले आणि मिस्त्रीची ओळ वाचली. मग पुन्हा वाचली.

"एक टिंब," त्या म्हणाल्या. "आणि मी आईला सांगून बसले, की मी ढ आहे."

त्यांनी आपले लाल पेन उघडले, माझ्या कोऱ्या भावात ते टिंब दिले आणि समासात खूण केली.

"ताई! पुस्तकात लिहायचं नसतं!"

"लिहिलं नाही. तपासलं."

त्या गेल्या, आणि पुन्हा कधी आल्या नाहीत. परीक्षा दुसऱ्यांदा होणार नव्हती. ग्रंथपालांनी भावावरही शिक्का मारला आणि मला परत पायाखाली सरकवले.

मित्रांनो, माझ्यासारखे पुस्तक निवडताना ते किती जुने आहे, ते जरूर पाहा. आमची विद्या लवकर शिळी होते. पण समासही पाहा. तुमच्याआधी कुणी तिथे ठेचकाळले असेल आणि तुमच्यासाठी दोन शब्द ठेवून गेले असेल, तर त्याला घाण म्हणू नका.

भावाच्या जागी काल नवे पुस्तक आले. जाड, चकचकीत आणि कोरे. त्यात काय छापायचे राहून गेले आहे, ते अजून कुणालाच माहीत नाही. आणि ज्याला कळेल, त्याला इथे ते लिहू देणार नाहीत.