तेवीस वेळा राँग

मी धुळ्यातल्या देवपूरच्या एका क्लासमधला जुना कॉम्प्युटर बोलतोय. १९९३ साली मी आलो तेव्हा मला हार घातला होता. लोक चपला बाहेर काढून मला बघायला यायचे. त्या मानामुळे मी फार चढून गेलो होतो, हे आधीच कबूल करतो.

क्लासमध्ये प्रमिलाबाई शिकवायच्या. त्यांचे वडील, अभिमन नाना, रेल्वेत कारकून होते. रावेरहून निघालेल्या केळीच्या वॅगनींचे नंबर त्यांना तोंडपाठ असायचे. निवृत्तीनंतर त्यांना पार्किन्सन, म्हणजे कंपवात झाला. हात थरथरू लागला, बोलता बोलता शब्द अडू लागले. "गोळ्या चालू ठेवा, पण डोक्यालाही रोज काम द्या," डॉक्टर म्हणाले. प्रमिलाबाईंनी आठ दिवस खपून माझ्यात एक खेळ घातला. पडद्यावर पाच आकडी नंबर दिसायचा आणि पुसला जायचा. नानांनी तो आठवून बटणं दाबायची. चुकलं की मी टूं करून ओरडायचो आणि इंग्रजीत 'राँग' लिहायचो.

पहिल्या दिवशी नाना इस्त्रीचा सदरा घालून आले. मागे यशोदाबाई, त्यांची बायको, पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. मी तेवीस वेळा ओरडलो. शिकायला आलेले सगळे मान वळवून बघू लागले. कोणीतरी हसलंसुद्धा.

नाना उठले. "बठ्ठं इसरी गऊ मी, पोरी. मन्हं डोकं गयं."

आपण सगळं विसरलो असं धरून ते गेले, ते परत आले नाहीत. पुढच्याच आठवड्यात धाकट्या मुलीला, सुनंदाला, बघायला पहूरचे पाहुणे आले. नाना बैठकीत बसायला तयार होईनात. "डोकं गेलेल्या माणसाने काय बोलायचं?" त्यांच्या जागी त्यांचे भाऊ भटूकाका बसले आणि लग्न ठरलं. मुलीचा बाप मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसून राहिला.

हे सगळं मला यशोदाबाईंमुळे कळलं. महिन्याभराने त्या क्लासमध्ये आल्या आणि लेकीला म्हणाल्या, "त्यास्नी तोंडनी नंबर बराबर सांगा व्हता. मी आयकं शे."

विचारलेले नंबर आणि नानांनी दाबलेली बटणं यांची यादी प्रमिलाबाईंनी माझ्याकडून छापून घेतली. तेवीसपैकी वीस उत्तरं बरोबर होती. हात थरथरून एकच बटण दोनदा, तीनदा दाबलं गेलं होतं, एवढंच. एकेक बटण माझ्यापाशी नोंदलेलं होतं, आणि तरी मी ओरडलो होतो. प्रमिलाबाई टेबलावर डोकं टेकून रडल्या. मला पडदा विझवून घ्यावासा वाटला.

गफूरभाईंच्या रिक्षातून त्यांनी मला घरी नेलं. नानांना आधी वाटलं, लेक आपली समजूत काढतेय. मग त्यांनी पेन्सिल मागितली. वॅगनींचे नंबर तपासायच्या जुन्या सवयीने यादीतल्या बरोबर उत्तरांच्या ओळीमागून ओळीवर वाकड्यातिकड्या खुणा केल्या. विसाव्या खुणेला थांबले.

"मग याले वरडानी काय गरज व्हती?"

प्रमिलाबाईंनी माझ्या आवाजाची तार काढून टाकली. लागोपाठ दाबलेलं बटण एकदाच धरायचं, असं मला शिकवलं. एकच आकडा सलग दोनदा येणारे नंबर गाळले. बोट शेजारच्या बटणावर घसरू नये म्हणून बटणांवर भोकं पाडलेला पुठ्ठा बसवला.

नाना पुढे तीन वर्षं रोज माझ्यासमोर बसले. हात काही थांबला नाही. शेवटी शेवटी तर त्यांची उत्तरं खरंच चुकू लागली. पण घरात परत त्यांना विचारून गोष्टी होऊ लागल्या. सुनंदाची बैठक मात्र होऊन गेली होती.

आता नाना नाहीत. मी माळ्यावर, चादरीखाली आहे. पुढे माझ्यापेक्षा हुशार यंत्रं येतील. त्यांना कुणी शिकवत असाल, तर ओरडण्याआधी थांबायला शिकवा.

एक गोष्ट मला फार लागून राहिली आहे. रोज खेळ सुरू करण्याआधी नाना माझ्या पडद्याला हात लावून पुटपुटायचे, "चुकनू ते माफ कर, भाऊ." चूक माझी होती. हे त्यांना सांगायची सोय माझ्यात नव्हती, म्हणून आज तुम्हाला सांगितलं.