लातूरच्या फ्रीजमधला समुद्र

मित्रांनो, लातूरला समुद्र नाही. तरी तो माझ्या पोटात आहे. मी इथल्या एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतला जुना फ्रीज.

मी आलो आणि पुढच्याच वर्षी भूकंप झाला. मी सरकत जाऊन टेबलावर आदळलो, माझं दार वाकलं. त्या दिवसांत छावण्यांसाठीच्या लसी माझ्यात ठेवत. डॉक्टर कौतुकाने माझ्या पाठीवर थाप मारत. मग लसी संपल्या, डॉक्टर गेले. कितीतरी वर्षं माझ्यात फक्त पाण्याच्या बाटल्या राहिल्या.

पुढे औशाची मंजुश्री संशोधनाला आली. रत्नागिरीच्या खडकांवरून तिने समुद्री शेवाळं आणली होती. पाण्यात बुडालेल्या वस्तूवर सूक्ष्मजीव चिकटतात आणि बुळबुळीत थर बसतो. त्याने होड्यांचे तळ जड होतात, नळ तुंबतात. पण काही शेवाळं स्वच्छच राहतात. त्यांच्या अंगावरचा एखादा जीव असं काही द्रव्य सोडत असावा, की इतरांना तिथं बस्तान मांडता येत नाही. मंजुश्री तोच जीव शोधत होती. वेगवेगळे जीव तिने काचेच्या नळ्यांत वाढवून माझ्यात ठेवले. त्यांतल्या एकाचं द्रव्य मिसळल्यावर घाण पाण्यातली काच लख्ख राहिली. ती आनंदाने नाचायचीच बाकी होती!

त्याच उन्हाळ्यात शेजारची खोली शिकवणीवाल्यांनी भाड्याने घेतली. मंजुश्री नात्यातल्या एका लग्नासाठी अहमदपूरला गेली होती. शिकवणीचे व्यवस्थापक वीरण्णा आत आले, माझा प्लग काढून त्यांच्या खोलीतल्या कूलरचा लावला आणि निघून गेले. बर्फ वितळला. नळ्या कोमट झाल्या, मग गरम. पलीकडे पोरं सूत्रं घोकत होती आणि मला साधी हाकही मारता येत नव्हती.

मंजुश्री परतली, तर फरशीवर पाणी. कूलरची तार पाहून तिने वीरण्णांना हाक मारली.

"काका, हे काय केलंत?"

"पोरांना उकडायलं व्हतं, म्याडम. जुना फ्रीज, आत काय आसंल म्हणलं."

"आत जिवंत जीव होते हो!"

वीरण्णांनी घाईघाईने प्लग लावला. पण बहुतेक नळ्यांत बुरशी माजली होती. काच लख्ख ठेवणारा तो जीव तेवढा कसाबसा पुन्हा वाढला. मंजुश्रीने त्याचं द्रव्य घालून काच बुडवली. काच बुळबुळीतच निघाली.

"जगला, पण गुण गेला," तिचे मार्गदर्शक उमाशंकर सर हळूच म्हणाले.

मंजुश्री माझ्या दाराला टेकून ती नळी उजेडात फिरवत होती. मग म्हणाली, "सर, तवा तो शेवाळावरनं नुकताच आलता, आता कितीतरी दिवस नळीत एकटाच हाय. भांडायला कुणीच न्हाई, तर द्रव्य कशाला सोडंल? त्याच्यासोबत दुसरे जीव वाढवून बघू?"

"बघ. पण आशा लई धरू नकोस."

तसे वाढवलेले जीव गाळून तिने द्रव्य काढलं. ते तिने माझ्यात आणून ठेवलं आणि दार दोनदा ढकलून पाहिलं. मी थरथरत होतो. आता माझंच यंत्र बंद पडलं तर?

ते द्रव्य घातलेल्या घाण पाण्यातून काच बाहेर काढायच्या दिवशी वीरण्णाही दारात येऊन उभे राहिले. मंजुश्रीने काच निथळून खिडकीकडे धरली. पलीकडचा लिंब पानापानासकट दिसत होता.

"जमलं का, म्याडम?"

मंजुश्रीने हसून ती काच त्यांच्या हातात दिली.

तो जीव अजून माझ्यात आहे. वीज गेली की आजही माझा जीव खालीवर होतो. म्हणून मित्रांनो, एवढंच मागतो: कुणाचाही प्लग काढण्याआधी एकदा विचारा. आत कुणीतरी जगत असेल.