वसुंधरेच्या अक्षरातली यादी

सकाळचे सात वाजले होते. भिलाईच्या सेक्टर दहामधल्या श्यामराव काळमेघांच्या क्वार्टरात ड्युटीवर निघायची रोजची गडबड चालू होती. श्यामरावांचा डबा भरून झाला होता, मुलगा श्रीधरचा भरायचा होता, आणि ओट्यावर पोह्यांच्या कढईशेजारी एक टेपरेकॉर्डर ठेवलेला होता.

"वहिनी, आता पाटा-वरवंटा," वसुंधरा बटन दाबत म्हणाली.

रमानं पदर खोचला आणि चटणी वाटायला घेतली. वरवंट्याची घरघर कॅसेटवर चढू लागली. त्याआधी तिच्या बांगड्यांचा किणकिणाट चढला होता, जमिनीवर मुद्दाम टाकलेल्या ताटाचा ठणठणाट चढला होता, आणि काल संध्याकाळी पोलादाच्या प्लांटचा भोंगाही चढला होता.

"झालं का ताई? माही चटनी तं केव्हाच झाली," रमा हसत म्हणाली.

श्यामरावांची ही धाकटी लेक बी.एड. करीत होती. सत्याऐंशी सालचा जानेवारी होता आणि सराव-पाठांसाठी तिला कुम्हारी गावची शाळा मिळाली होती. आठवीला विज्ञानातला 'ध्वनी' शिकवायचा होता. बाकीच्या मुली पुठ्ठ्याचे तक्ते रंगवत बसल्या होत्या; वसुंधरा मात्र खराखुरा आवाजच वर्गात नेणार होती. शिवाय स्वतःचा पाठ टेप करून घरी ऐकायचा आणि आपल्या चुका आपणच शोधायच्या, ही नवी पद्धत तिला कॉलेजात शिकवली होती. तंत्रज्ञानाने शाळेचा कायापालट होईल यावर तिचा मनापासून विश्वास होता. वयच तसं होतं.

टॉवेलात गुंडाळलेला टेपरेकॉर्डर पिशवीत ठेवताना रमा म्हणाली, "माही लहान बहीन माणिक त्याच शाळेत आठवीत आहे. भेटन तुमाले. तिले सांगजा, मी मजेत आहो. अन् बोर्डाचं वर्ष आहे, अभ्यास करजो म्हना." तिकडं मध्य प्रदेशात तेव्हा आठवीलाही बोर्डाची परीक्षा असायची.

"सांगतो ना," वसुंधरा म्हणाली आणि पॉवर हाऊसच्या थांब्यावर बस पकडायला धावली.

आता या टेपरेकॉर्डरची जन्मकथा सांगितलीच पाहिजे. श्रीधर प्लांटच्या टाइम ऑफिसात क्लार्क. मुलगा प्लांटमध्ये लागला की त्याच्या बापाची मान आपोआप दोन इंच वर होते, तशी श्यामरावांचीही झाली होती. रमाच्या वडिलांच्या, कुम्हारीच्या देवीदास ढोलेंच्या घरी लग्नाची बैठक बसली. देवीदास एका राइस मिलमध्ये पोती मोजणारे, साधे, हात जोडूनच बोलणारे गृहस्थ. द्यायच्या-घ्यायच्या वस्तूंची यादी करायची वेळ आली तेव्हा श्यामराव कौतुकानं म्हणाले, "आमच्या वसूचं अक्षर मोत्यासारखं आहे. तिलेच लिहू द्या." आणि वसुंधरेनं लिहिली. पलंग, कपाट, भांडी, शिलाई मशीन. दहा वस्तू झाल्या. मग रीतीप्रमाणे देवीदासांनी नवरदेवाच्या बहिणीला विचारलं, "ताई, तुमाले काही?"

"मले काय, एक टेपरेकॉर्डर द्या. बी.एड.ले कामी येईन," ती हसत म्हणाली. सगळे हसले. देवीदासही हसले, थोडे उशिरा.

"लिही मंग," श्यामराव म्हणाले. तिनं अकरावा नंबर घातला आणि लिहिलं: टेपरेकॉर्डर, बॅटरीवर चालणारा.

मागच्या मेमध्ये लग्न झालं, तेव्हा दहा वस्तू आल्या. अकरावी आली नाही. वसुंधरेच्या आईनं, सुशीलाबाईंनी, मारझोड केली नाही की उपाशी ठेवलं नाही. त्या सज्जन बाई होत्या. फक्त शेजारीण आली की रमासमोर म्हणायच्या, "बाकी सगळं आलं हो, अकरा नंबर तेवढा राहिला." राखीला रमाला माहेरी पाठवलं नाही, तेव्हाही तेच कारण निघालं. दिवाळीला मात्र देवीदास मांडीवर खोकं धरून बसनं आले. खोकं उघडलं तेव्हा वसुंधरेनं टाळ्या वाजवल्या. त्याच महिन्यात तिनं कॉलेजात हुंड्याविरुद्ध निबंध लिहिला होता आणि वर्गात सर्वांत जास्त गुण मिळवले होते. या दोन गोष्टींची एकमेकींशी काही ओळख आहे, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

त्या दिवशी कुम्हारीच्या शाळेत, बारा जानेवारीला, तिनं टेबलावर टेपरेकॉर्डर ठेवला, रेकॉर्डचं बटन दाबलं आणि हजेरीपासूनच सुरुवात केली. मुलं-मुली त्या यंत्राकडे डोळे फाडून बघत, मोठमोठ्यानं 'उपस्थित, दीदी' म्हणत होती.

"माणिक देवीदास ढोले."

वसुंधरेनं मान वर करून पुन्हा नाव घेतलं. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "ओ नइ आवय, दीदी. दसहरा के बाद ले मिल जाथे."

दसऱ्यापासून मिलमध्ये कामाला. वसुंधरेनं पुढचं नाव घेतलं. पाठही चांगला झाला. मधल्या सुट्टीत ती बडी बहनजींच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं.

"अच्छी लड़की थी," बहनजी म्हणाल्या. "बाप ने पोहा मिल में लगा दिया. बड़ी बेटी के ससुराल वालों को टेपरेकॉर्डर चाहिए था. भिलाई के लोग हैं, प्लांट वाले. अब लड़की की मजदूरी से उसकी किश्त पट रही है." मग त्यांचं लक्ष पिशवीकडे गेलं. "आपका ठीक है, बच्चों के काम आ रहा है. देखिए, इकतीस तारीख तक बोर्ड का फॉर्म भर दे तो हाजिरी मैं सँभाल लूँगी. बाप आज-कल कर रहा है. आप भी मराठी हैं, पहचानती होंगी इन लोगों को? कोई समझाए तो मान जाए."

"नहीं, बहनजी," वसुंधरा म्हणाली.

हे 'नाही' तिनं ठरवून म्हटलं नव्हतं. ते तोंडातून निघालं, आणि निघाल्यावर परत घेण्याची हिंमत झाली नाही. आपल्यापैकी किती जणांची सगळी पापं अशीच झाली आहेत!

घरी आल्यावर रमानं दारातच विचारलं, "भेटली का माणिक?"

"तिचा सेक्शन वेगळा आहे, वहिनी. नाही भेटली."

त्या रात्री जेवताना वसुंधरेला घास गोड लागला नाही. तिनं मनाशी हिशोब मांडला. वहिनीला सांगितलं तर घरात तमाशा होईल. टेपरेकॉर्डर परत करायची गोष्ट निघेल. आणि दोन फेब्रुवारीला तिचा शेवटचा पाठ होता, बाहेरचे परीक्षक येणार होते. पाठ झाला की सांगू. फॉर्मची तारीख दोन दिवसांनी टळेल खरी, पण लेट फी भरून होत असेल. आणि यादी काय आपण एकटीनं केली? आपण तर फक्त लिहिली. असं रोज स्वतःला समजावत तिनं एकेक दिवस ढकलला. रमा रोज विचारी, ही रोज नवी थाप मारी. एकतीस तारखेच्या शनिवारी शाळा सुटताना बहनजींच्या टेबलावर फॉर्मांचा गठ्ठा सुतळीनं बांधला जाताना तिनं पाहिला. पाय थांबले. तोंड उघडलं नाही. ती बसमध्ये जाऊन बसली आणि वाटेवरच्या चरोदा गावापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

दोन तारखेचा पाठ अप्रतिम झाला. भोंगा वाजला, मुलं ओरडली, "प्लांट!" बांगड्या वाजल्या, मुली लाजल्या. वरवंटा वाजला तेव्हा एक जण म्हणाला, "चटनी!" आणि परीक्षकसुद्धा हसले. जाताना ते म्हणाले, "टेक्नॉलॉजी का ऐसा उपयोग मैंने कम देखा है. आपको यह सूझा कैसे?"

संध्याकाळी घरात पेढे आले. वसुंधरेला 'शिक्षा में तकनीक: मेरे अनुभव' या विषयावर अहवाल लिहायचा होता, म्हणून पहिला पाठ पुन्हा ऐकायला तिनं कॅसेट लावली. श्यामराव कौतुकानं जवळ येऊन बसले, "लाव लाव, आमालेबी ऐकू दे आमच्या मास्तरीणबाईले." श्रीधर आला. सुशीलाबाई आल्या. रमा स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. आनंदाच्या भरात वसुंधरेला आठवलंच नाही की त्या दिवशी बटन हजेरीच्या आधी दाबलं होतं.

कॅसेट फिरू लागली. उपस्थित, दीदी. उपस्थित, दीदी. आणि मग तिचाच स्वच्छ आवाज: "माणिक देवीदास ढोले."

तिनं झेप घातली, पण हात पोचेपर्यंत त्या मुलीचं वाक्य पुरं झालं होतं.

लाटण्याचा आवाज थांबला. रमा पीठभरल्या हातांनी दारात आली. तव्यावरची पोळी करपल्याचा वास आला, पण कोणी उठलं नाही.

"फिरून लावा बरं, ताई."

"वहिनी..."

"लावा म्हनते ना."

पुन्हा लावलं. रमानं खाली मान घालून ऐकलं. "कोन्या दिवशीचं आहे हे?"

"बारा तारखेचं," वसुंधरा म्हणाली. "माणिकच्या मिलचं कारन हा टेपरेकॉर्डर आहे, वहिनी. बहनजीनं मले त्याच दिवशी सांगितलं. बोर्डाचा फॉर्म एकतीसपर्यंत होता. तुमच्या बाबाले समजवा म्हने. मी म्हटलं, मी ओळखत नाही."

रमानं हात पदराला पुसले. "मी रोज विचारत होती तुमाले," ती म्हणाली. एवढंच. ती ओरडली असती, तिनं दोन शिव्या दिल्या असत्या, तर वसुंधरेला बरं वाटलं असतं.

"देवीदासजीनं आमाले कावून नाही सांगितलं?" श्यामराव चिडून म्हणाले. "आमी काय छातीवर बसलो होतो का?"

"बसलोच होतो बाबा," वसुंधरा म्हणाली. "राखीले वहिनीले पाठवलं नाही, तवा कुठं बसलो होतो?"

"तुले लय तोंड फुटलं! अवं, उद्या पद्मनाभपूरवाले तुले पाहाले येतीन. ते मांगतीन तं मले द्याच लागन ना? जगाची रीत आहे."

"मांगू नका म्हनजा त्याहिले. माझ्या लग्नाची यादी मी लिहिनार नाही, अन् कोनाले लिहू देनार नाही. बिनलग्नाची राहिली तं तशीच राहीन."

सुशीलाबाई तोंडाला पदर लावून रडू लागल्या. इतका वेळ जमिनीकडे बघत बसलेला श्रीधर हळूच म्हणाला, "माणिकले इथं आनू. सेक्टरच्या शाळेत टाकू. टेपरेकॉर्डरची किश्त मी भरीन." रमानं लग्नानंतर पहिल्यांदाच सासू-सासऱ्यांसमोर नवऱ्याकडे सरळ बघितलं.

दुसऱ्या दिवशी नणंद-भावजय कुम्हारीला गेल्या. आधी शाळेत. वसुंधरा बहनजींसमोर उभी राहून म्हणाली, "मैंने झूठ कहा था. टेपरेकॉर्डर यही है. लिस्ट मैंने ही लिखी थी." बहनजींनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "फॉर्म तो कल दुर्ग चले गए," त्या म्हणाल्या. "अब लेट फी से भी नहीं होगा. जुलाई में भेजिए." त्यांनी रागावून एक शब्दही काढला नाही, आणि बसायलाही सांगितलं नाही.

मग त्या घरी गेल्या. देवीदास अंगणात होते. मुलगी दिसली, तिच्या नणंदेच्या हातात ते खोकं दिसलं, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ते धावत आले, वसुंधरेपुढे हात जोडले.

"बिघडला का ताई? मी दुसरा आनून देतो. दोन महिन्यांची सवड द्या. पन पोरीले वापस नोका सोडू. तिचा काही दोष नाही."

बापाच्या वयाचा माणूस असा समोर उभा होता. वसुंधरेला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. "काका, मी वापस कराले आली आहो. माफी मांगाले आली आहो," ती रडत म्हणाली. पण देवीदासांना ते समजेना. रमानं त्यांना धरून खाटेवर बसवलं, तिथून ते पुन्हा पुन्हा एकच म्हणत राहिले, "दिलेली वस्तू वापस घेत नसते, ताई. अपशकुन असते."

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत माणिक मिलमधून आली. तेरा वर्षांची, केसांत आणि भुवयांवर पोह्याचा भुसा. बहिणीला बघून ती आधी बिलगली, मग खोक्याकडे वळली.

"हेच का ते? बाबानं उघडू नाही दिलं होतं. एकदा वाजवून दाखवता का ताई?"

वसुंधरेनं टेपरेकॉर्डर पायरीवर ठेवला. भोंगा आणि बांगड्यांची कॅसेट तिच्या पिशवीतच होती. तीच लावावी असं एकदा मनात आलंही. तिनं ती तशीच ठेवली आणि दुसरी, पहिल्या पाठाची, घातली. लपवाछपवी पुष्कळ झाली होती.

माणिक उकिडवी बसून ऐकू लागली. एकेका आवाजाला ओळखून ती हसत होती, बोटानं दाखवत होती, ही पुष्पा, हा रामाधार, ही फुलबती. वर्ग जसाच्या तसा अंगणात येऊन बसला होता. मग तिचं नाव आलं.

"माणिक देवीदास ढोले."

आणि सवयीनं, क्षणाचाही विचार न करता, पोर उभी राहिली.

"उपस्थित, दीदी!"

कॅसेटमध्ये थोडा वेळ नुसती खरखर होती. मग वसुंधरेच्या आवाजानं तेच नाव पुन्हा घेतलं, आणि मागच्या बाकावरच्या मुलीनं उत्तर दिलं. माणिकनं ते उभ्यानंच ऐकलं. वसुंधरा बटन दाबायला पुढे झाली, तर ती म्हणाली, "राहू द्या ना ताई. पुढं शिकवलं असन ना तुमी? तेवढं ऐकून मंग मिलमध्ये जातो."

"आता मिलमध्ये नाही जायचं, माणिक," रमा म्हणाली. माणिकनं बापाकडे बघितलं. बाप मान खाली घालून बसला होता. ती पुन्हा पायरीपाशी बसली.

जुलैत माणिक सेक्टरच्या शाळेत आठवीत बसली, तिच्याहून वर्षभर लहान मुलींबरोबर. वसुंधरेनं अहवाल लिहिला. त्यात 'साधन कोठून मिळवले' असा एक रकाना होता. इतर मुलींनी तिथं 'स्वतः तयार केले' किंवा 'महाविद्यालयाचे' असं लिहिलं होतं. वसुंधरेनं बापाच्या पेटीतून ती यादी काढली, मोत्यासारख्या अक्षरातली, आणि त्या पानाला टाचणीनं लावून दिली. वाचकहो, आपापल्या घरातल्या वस्तूंवरून आज एकदा नजर फिरवा, आणि तो रकाना तुम्हीही भरा.