अकरा नंबरची भिंत

नकाशा फुकट होता म्हणून मी घेतला. इस्पितळाच्या धोबीखान्यातून सुटून बसथांब्यावर आले, तर तिथल्या खोक्यात गठ्ठाच ठेवला होता. वर लिहिलं होतं, 'शहराच्या चित्रभिंती : आपल्या पायांनी, आपल्या सवडीने'. आत बारा ठिपके, बारा भिंती, आणि प्रत्येक भिंतीबद्दल तीन-चार ओळी. वाटाड्या नको, तिकीट नको, नकाशा हातात धरायचा आणि चालू लागायचं. बसमध्ये उभ्याउभ्या वाचत होते. अकराव्या ठिपक्यापाशी आले आणि माझा थांबा कधी मागे पडला ते कळलंच नाही.

'अकरा : बाजारामागील भुयारी मार्ग. येथे शहरातील सर्वांत बोचरे भित्तिचित्र होते. पालिकेच्या एका रंगाऱ्याने वैयक्तिक रागापोटी ते कायमचे नष्ट केले. सध्या भिंत रिकामी आहे.'

तो रंगारी म्हणजे माझे बाबा.

बाबांनी एकतीस वर्षं पालिकेत एकच काम केलं. कुणी भिंतीवर चित्र काढलं की वरून ऑर्डर यायची, आणि बाबा शिडी, बादली आणि कुंचला घेऊन ते पांढरं करायचे. चित्रं काढणाऱ्यांचा आणि त्यांचा छत्तीसचा आकडा. रस्त्यात लोक त्यांना चुनेवाला म्हणून हाका मारायचे, आणि ती हाक प्रेमाची नसायची. आता ते एक्याऐंशीचे आहेत. दिवसभर खिडकीत बसतात आणि समोरच्या इमारतीच्या रंगाला नावं ठेवतात.

नकाशाच्या मागे बारीक अक्षरात छापलं होतं, 'चूक आढळल्यास कळवा', आणि खाली नंबर. शनिवारी सकाळी मी कळवली.

"तुमच्या अकरा नंबरमध्ये चूक आहे. रागापोटी पुसलेलं नाही ते," मी म्हणाले.

"मग कशापोटी?" फोनवरच्या बाईंनी विचारलं.

आणि माझी बोलतीच बंद झाली. एरवी माझं तोंड किती चालतं ते धोबीखान्यात कुणालाही विचारा.

"हे बघा ताई," बाई म्हणाल्या, "त्या चित्रासाठी पालिकेची ऑर्डर नव्हती. आमच्याकडे नोंद आहे. त्यांनी स्वतःहून पुसलं आणि त्याबद्दल त्यांना नोटीसही मिळाली होती. तुमच्याकडे लेखी पुरावा असेल तर द्या. पण लवकर द्या. उद्यापासून तिथे टाइल लावायचं काम सुरू होतंय. मधोमध दगडी पाटी बसणार आहे, आणि नकाशातला हाच मजकूर तिच्यावर कोरलाय."

म्हणजे नकाशा फाडून टाकता आला असता, पण आता बाबांची बदनामी दगडावर जाणार होती. त्या वाटेने बाजाराला जाणारा प्रत्येक माणूस ती वाचणार होता, बाबांच्या पश्चातसुद्धा.

कशापोटी पुसलं, ते मला माहीत होतं. चित्रात एक गाढव होतं. डोक्यावर पालिकेची टोपी, गळ्यात बादली, शेपटीच्या जागी कुंचला. ते इंद्रधनुष्य पांढरं करत निघालं होतं, आणि त्याच्यामागून एक शिंगरू चाललं होतं, दोन वेण्यांचं, पाठीवर दप्तर घेतलेलं, इवल्याशा कुंचल्याची शेपूट हलवत. बाबा मला सायकलवर पुढे बसवून शाळेत सोडायचे, त्यामुळे ते शिंगरू कोण हे साऱ्या गावाला कळलं. मी बारा वर्षांची होते. वर्गात मला सगळे शिंगरू म्हणायला लागले, आणि एक दिवस बाईंनीही हजेरी घेताना हसू दाबलं. मी घरी येऊन दप्तर फेकलं. दोन दिवस जेवले नाही. बाबांना म्हणाले, 'लोकांची चित्रं पुसता ना, मग हे का नाही पुसत? हे दिसेल तोवर मी शाळेत जाणार नाही.'

तिसऱ्या दिवशी भिंत पांढरी होती. मला इतका आनंद झाला होता, की त्या आनंदाची आजही लाज वाटते. नोटीस आली तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, 'माझ्या मनात आलं, पुसलं.' मुलीने हट्ट केला हे ते कुणाजवळ बोलले नाहीत. मीही तोंडात मिठाची गुळणी धरून बसले, ती सदतीस वर्षं.

संध्याकाळी मी बाबांना अकरा नंबरचा मजकूर वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटून ऐकला.

"बारा भिंती आहेत म्हणतेस?"

"बाबा, काय लिहिलंय ते ऐकलंत ना?"

"ऐकलं. उद्या सकाळी जाऊ या. आयुष्यभर काम केलं, पण फिरून कधी बघितलं नाही. अकरा नंबरला पोचलो की बघू." मग थोड्या वेळाने म्हणाले, "आणि तुझ्या कामावरचे ते जाडे स्पंज आहेत ना घरात, ते दोन घे. थर्मासमध्ये गरम पाणी घे."

"स्पंज कशाला?"

"बसायला."

सकाळी सातला निघालो. बाबांच्या हातात काठी, माझ्या हातात नकाशा, पिशवीत स्पंज. पहिल्या भिंतीवर एक बाई अख्खा रस्ता चादरीसारखा झटकत होती, त्यातून मोटारी उडत होत्या. मी बघत राहिले. बाबांचं लक्ष चित्राकडे नव्हतंच. त्यांनी बोटाच्या पेराने भिंत वाजवली, नखाने एक कोपरा खरवडला, नख नाकाशी नेलं आणि पुढे चालू लागले. दुसऱ्या भिंतीलाही तसंच.

तिसरी भिंत शाळेची. कुंपणावरून उडी मारणारी खुर्च्यांची रांग. नकाशात लिहिलं होतं, 'हे चित्र तीन वेळा पांढरे करण्यात आले, तरीही आश्चर्यकारकरीत्या पुन्हा प्रकट झाले.'

"आश्चर्य कसलं डोंबलाचं," बाबा म्हणाले. "सरस घातला नव्हता."

"काय?"

"चुन्यात सरस घालावा लागतो चिकटायला. आणि खाली तेलरंग असेल तर आधी तो खरवडून काढावा लागतो. मी खरवडायचो नाही आणि सरस घालायचो नाही. एक पावसाळा झाला की चुना पापुद्रे सुटून गळून पडतो. चित्र खाली होतं तसं."

मी तिथेच थांबले. "सगळीकडे?"

"ऑर्डर पांढरं करायची होती, मी पांढरं केलं. किती दिवस पांढरं राहावं, हे कुणी लिहून दिलं नव्हतं."

"आणि सरस कुठे जायचा?"

"गोदामात. मी निवृत्त झालो तेव्हा तिथे सरसाच्या अकरा गोण्या होत्या. साहेब चुन्याच्या ठेकेदाराला शिव्या द्यायचा. ठेकेदार चोरच होता, त्यामुळे मला वाईट वाटलं नाही."

मला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ असा राग आला की कानशिलं तापली. "लोकांनी तुम्हाला काय काय म्हटलं. एकदा तरी सांगायचं होतं कुणाला."

"सांगितलं असतं तर सरस घालणारा दुसरा कुणी आणला असता." बाबांनी काठी उचलली. "चल. चौथी कुठे आहे?"

चौथीपासून दहावीपर्यंत मी चित्रं कमी आणि बाबांना जास्त बघितलं. प्रत्येक भिंतीपाशी ते तारीख सांगायचे, शिडी कुठे लावली होती ते सांगायचे. नकाशा कुणी बनवला असेल त्याला म्हणावं, या बारा भिंतींची ओळख करून देणारा माणूस तुमच्या नाकासमोर काठी टेकत चाललाय आणि तुम्ही त्याच्यावर दगड कोरताय. नवव्या भिंतीपाशी ते दमले. बाकावर बसवलं तेव्हा मी विचारलंच.

"मग अकरावं परत का नाही आलं?"

बाबांनी काठी बाकाला टेकवून ठेवली. "तिथे ऑर्डर नव्हती. तिथे तू होतीस. चुना पावसाळ्यात गळला असता, ते गाढव परत दिसलं असतं, आणि तू परत दप्तर फेकलं असतंस. तिथे टिकाऊ काम करावं लागलं."

मला वाटलं, संपलं. एकतीस वर्षांत या माणसाने एकच चित्र खरोखर मारलं, आणि ते माझ्यासाठी. पाटी खोटी ठरवायला माझ्याकडे पुरावा कसला, मीच पुरावा होते. ते सांगायला भुयाराच्या बेचाळीस पायऱ्या उतरून जायचं होतं.

भुयारात शिरलो तर छिन्नीचा ठणठणाट. टाइल पक्क्या बसाव्यात म्हणून एक मिस्त्री भिंतीच्या डाव्या टोकाला खाचा पाडत होता. टाइलची चळत रचून ठेवली होती. तिला टेकून पाटी, कापडात गुंडाळलेली. नकाशा घेतलेलं एक जोडपं रिकाम्या भिंतीचा फोटो काढावा की नाही या विचारात उभं होतं.

"मिस्त्री, थांब," बाबा म्हणाले.

"आजोबा, बाजूला व्हा, खपली उडेल."

मी छिन्नी आणि भिंत यांच्या मधे जाऊन उभी राहिले. धोबीखान्यात पंचवीस वर्षं ओल्या चादरी ओढल्यात मी, मला सहज कुणी हलवू शकत नाही.

"ताई, मला आज वीस फूट संपवायचंय."

"आधी मला आरपार खाच पाड, मग वीस फूट संपव."

त्याने छिन्नी खाली घेतली. बाबा भिंतीच्या मधोमध गेले, तळहात टेकवला, सरकवला, पुन्हा टेकवला. "इथे. थर्मास दे. स्पंज दे."

गरम पाण्याने स्पंज भिजवून त्यांनी भिंतीला दाबून धरला. काही होईना. त्यांचा हात दमला तेव्हा मी स्पंज घेतला. "घासू नकोस," ते म्हणाले, आणि मला ते सांगायची गरज नव्हती. जुना डाग घासायचा नसतो, भिजवायचा असतो. मी ओला स्पंज दाबून धरला आणि मनात शंभर मोजले. मग नखाने कोपरा उचलला. चुन्याचा जाड थर निघाला, आणि त्याला चिकटून कागद आला.

"कागद?" मिस्त्री जवळ आला. त्याने तुकडा बोटांत चोळला, हुंगला. "खळ लावलीये. मोरचूद घातलेली. म्हणून किडा लागला नाही. आजोबा, हे तुमचं काम?"

"आधी खळ, मग कागद, परत खळ, मग चुना. त्यात सरस घातला होता," बाबा म्हणाले. "पाऊस इथे येत नाही, म्हणून राहिलं. तिच्या शाळेपुरतं झाकायचं होतं. मग ती मोठी झाली, पण उघडायचं का हे विचारायचा मला धीर झाला नाही."

मला भिंत दिसेनाशी झाली. डोळे पुसायला हातात स्पंजच होता, त्यानेच पुसले.

मिस्त्रीने आपली बादली भरून आणली. मग आम्ही दोघं लागलो, तो वरून, मी खालून. जोडप्यातली बाई बाह्या सरसावून आली. कागदाचे ताव सोलून निघत होते, आणि त्यांच्याखाली रंग असा ताजा की हात लावायला भीती वाटावी. आधी टोपी निघाली. मग कान. इंद्रधनुष्य. बादली. बाबा लांब उभे राहून बघत होते.

"हुबेहूब काढलाय मला," ते म्हणाले. "ज्याने काढलं त्याचा हात चांगला होता. माझं चित्र काढून घ्यायला मला कोण परवडलं असतं?"

मिस्त्रीचा फोन वाजला. पलीकडून कालच्याच बाई बोलत होत्या, काम कुठवर आलं ते विचारत. मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं. मी ओले हात पदराला पुसून फोन घेतला.

"कोण बोलतंय?" बाईंनी विचारलं.

"काल तुम्ही कशापोटी म्हणून विचारलं होतं. उत्तर द्यायचं राहिलं होतं. लिहून घ्या. रंगाऱ्याच्या मुलीने दोन दिवस जेवण सोडलं म्हणून त्याने ते झाकलं. नष्ट केलं नाही, झाकलं. पुरावा लेखी नाही, रंगीत आहे, सात फूट लांब आहे. येऊन बघा."

"ताई, तुम्ही पालिकेची भिंत खराब केलीत? तिथे टाइल लावायचा ठराव झालाय. मला पोलिसांना कळवावं लागेल."

"कळवा. त्यांनाही भिंत बघू दे."

तोवर मिस्त्रीने शेवटचा ताव सोलला होता. दोन वेण्या, दप्तर, इवलीशी शेपूट. नकाशावाली बाई हसली आणि लगेच ओशाळली. "गोड आहे हो. हे शिंगरू कोण?"

"मी," मी सांगितलं. ती पुन्हा हसली, आणि या वेळी मीही हसले.

फोनमध्ये बाई अजून बोलत होत्या. "आधी तुमचं नाव सांगा. कोण बोलताय तुम्ही?"

"शिंगरू बोलतेय," मी म्हणाले. "ज्याला इथे टाइल लावायची असेल, त्याने आधी माझ्याशी बोलायचं. मी इथेच बसलेय."

मी फोन मिस्त्रीला परत दिला आणि पाटीची कोरलेली बाजू कापडासकट चळतीकडे फिरवून ठेवली. बाबा टाइलच्या चळतीवर टेकले होते. मी त्यांच्याजवळ गेले, तेव्हा त्यांनी पिशवीतून दुसरा, कोरडा स्पंज काढला, शेजारच्या टाइलवर ठेवला आणि थोपटून सारखा केला.

"बस," ते म्हणाले. "सांगितलं होतं ना, बसायला लागेल."