बोलली नाही म्हणून पसंत

१९९७ सालचा फाल्गुन. विंझरच्या चिमाजींकडे गुरुवारी कामथडीचे पाहुणे सोनियाला बघायला येणार होते. सोमवारी भाकरी थापता थापता सोनिया म्हणाली, "आई, हितं जबड्याखाली सुजलंय. गिळाया लई दुखतंय."

चंद्राबाईंनी हात लावून पाहिले आणि आधी दार ओढून घेतले. चिमाजींची बहीण भिमा गंडमाळेपायी जन्मभर बिनलग्नाची राहिली होती. भाचीलाही तशीच गाठ निघाली, असे बाहेर कळले असते तर एकाही गावचे पाहुणे आले नसते.

गावात लस टोचायला आलेल्या नर्सबाईंना मात्र त्यांनी हळूच विचारले.

"गाठच असंल असं न्हाई, मावशी. किडक्या दाढेनं सुजतं, गालगुंडानं सुजतं. आन् गंडमाळ असली तरी औषधानं बरी व्हती. पोरगी कुठं हाय?"

"रानात गेलीया," चंद्राबाई म्हणाल्या. सोनिया दाराआड उभी होती.

"मग आजच वेल्ह्याच्या दवाखान्यात न्या."

"एस्टीत सारा गाव असतोय, बाई. शुक्रवारी नेते."

तीन दिवस आंबेहळदीचा लेप झाला. गुरुवारी तो धुतला, पदर कानावरून गळ्यापर्यंत ओढून पिन लावली आणि सुजलेली बाजू भिंतीकडे करून मुलीला पाटावर बसवले. एवढी तयारी आपण लोक औषधपाण्यासाठी कधी करत नाही.

पाहुण्यांनी नाव विचारले, शाळा विचारली. सोनियाने नुसती मान हलवली. जबडा आवळला होता, तोंडात बोट जाईल एवढीही फट पडत नव्हती. लाळ गिळवेना म्हणून ती पदराने टिपत होती.

"लई मर्यादेची पोरगी हाय," मुलाचे वडील सावळाराम म्हणाले. "आमाला पसंत हाय."

चिमाजींनी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. सोनियाची साखर तिच्या मुठीतच राहिली.

शुक्रवारी सकाळी तिचा श्वास कोंडू लागला. वेल्ह्याच्या डॉक्टरांनी बघताच पुण्याला न्यायला सांगितले. टेम्पो परत विंझरवरून, घरासमोरून गेला. नसरापूर यायच्या आत सोनिया गेली.

"दाढ किडली होती. पू गळ्यात उतरला," डॉक्टर नंतर म्हणाले. "सोमवारी आणायला हवी होती."

"म्हंजी गंडमाळ नव्हती?" चिमाजींनी विचारले. विचारताना त्यांना क्षणभर हायसे वाटले, आणि त्या क्षणाची त्यांना पुढे जन्मभर लाज वाटली.

चंद्राबाई रडल्या नाहीत. त्यांना काही वाटेनासेच झाले. भाकऱ्या तेवढ्याच थापायच्या, एक उरायची, ती गाईला जायची.

ज्येष्ठात शेजारची फुलाबाई मुलीला घेऊन आली आणि दार ओढून घेत म्हणाली, "पोरीचा जबडा सुजलाय. कुठं बोलू नगा."

चंद्राबाईंनी उठून दार उघडले. फुलाबाईच्या मुलीचा हात धरून त्या थेट वेल्ह्याच्या एस्टीत चढल्या.

"कुठं निघाला, चंद्राबाई?" कुणीतरी विचारले.

"हिचा जबडा सुजलाय. डाक्टरला दावाया," त्या मोठ्याने म्हणाल्या.

गाडीत सारा गाव होता.