ओव्यांच्या खणातला दुष्काळ

रामहरीचं डोकं तापलं होतं, आणि ते काही उन्हानं नव्हे. बीडच्या वाचनालयात कारकुनी करून त्याला अकरा वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत आप्पाराव वकिलांपुढं त्यानं कधी मान वर केली नव्हती. आज मात्र कार्डांचा लाकडी खण उचलून त्यानं त्यांच्या टेबलावर दाणकन आपटला.

"हा बघा दुष्काळाचा खण," तो म्हणाला. "तीन कार्डं हायेत. चौथं कुठं गेलं ते तुमाला ठावं हाय."

आप्पाराव वाचनालयाचे चिटणीस. माणूस हुशार, पण आपण हुशार आहोत हे घटकाभरही विसरायचा नाही. त्यांनीच मुंबईहून मथळ्यांची छापील यादी मागवली होती. पुस्तक आलं की कार्डावर त्या यादीतलेच शब्द लिहायचे, पदरचा एक घालायचा नाही. आधी विषय, मग विषयाची बाजू, मग मुलूख, आणि सगळ्यात शेवटी ते लिहिलंय कशात, म्हणजे अहवाल का पत्रं का गाणी. मधे आडव्या रेघा. खरं सांगायचं तर रामहरीला ती यादी लई आवडली होती. आधी जो तो कारकून मनाला येईल ते नाव द्यायचा आणि एकच विषय चार खणांत विखरून पडायचा. आता एक खण ओढला की त्या विषयाचं सगळं हाताला लागायचं.

घोळ झाला तो छबुबाईच्या वहीवरून. छबुबाई दिंद्रुडची. मागच्या मोठ्या दुष्काळात तिनं पाच लेकरं जगवली होती, डोंगरातला पाला न् कंद घालून. कोणता पाला पोटाला चालतो, कोणता कंद किती उकळायचा, हे सगळं तिनं जात्यावर ओव्यांत बांधलं होतं. रामहरीनं तिच्या ओसरीवर तीन दिवस बसून ते उतरवून घेतलं. वाचनालयाची पुस्तकं बांधणाऱ्या ख्वाजा जिल्दसाजानं वहीला कापडी जिल्द चढवली. आणि रामहरीनं यादीबरहुकूम कार्ड लिहिलं: दुष्काळ — अन्न — बीड — ओव्या.

आप्पाराव ते वाचून हसले. "अरे, दुष्काळाच्या खणात सरकारी अहवाल असतात. तिथं हे बायकांचं दळण कशाला?" त्यांनी लाल शाईनं सगळं खोडलं आणि वर लिहिलं: ओव्या — बायकांच्या.

शेवटी यायचा तो शब्द उचलून पुढं आणला आणि विषय गेला उडत. ज्यानं नियम आणला त्यानंच तो मोडला, आणि ते त्याच्या ध्यानातही आलं नाही! साहेबानं लिहिलं की तो दुष्काळ, बाईनं गायलं की नुसती ओवी. वही जाऊन पडली पाळण्याच्या नि डोहाळ्यांच्या गाण्यांत. रामहरीला तेव्हाच राग आला होता, पण मूग गिळून गप्प बसला.

ही तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. यंदा पाऊस झालाच नाही. तहसिलीतून कागद आला: टंचाईत काय खावं, कसं खावं यावर वाचनालयात जे असेल ते कळवा, नकला काढून गावोगाव चावडीवर वाचून दाखवू. आप्पारावांनी दुष्काळाचा खण उघडला आणि तिन्ही कार्डं उतरवून घेतली. तिन्ही अहवाल. माणसं किती मेली, जनावरं किती मेली, सगळं त्यांत होतं. खावं काय, याचा एक शब्द नव्हता.

म्हणून तर आज खण आपटला होता.

"छबुबाईची वही घाला, साहेब."

"ती दुष्काळाच्या खणात आहे का?"

"तुमीच काढली तिथनं."

"मग आता मीच परत घालू? तहसीलदारांना ओव्या धाडू? लोक हसतील, रामहरी. चैत्रात कमिटी बसेल, तिथं विषय काढ."

"चैत्रापत्तर लोकांनी खायाचं काय?"

आप्पारावांनी तहसिलीला धाडायच्या उत्तरावर सही केली आणि कागद शिपायाच्या हाती दिला. शिपाई म्हातारा, दारापर्यंत जायला त्याला वेळ लागला. तेवढ्यात रामहरीला तो कागद काढून घेता आला असता, खाली एक ओळ लिहिता आली असती. तो नुसता दात-ओठ खात उभा राहिला. नोकरी जाईल म्हणून, दुसरं काय!

बारा दिवसांनी ख्वाजा आला. त्याची सासुरवाडी जिल्ह्यातल्याच शिरूरकडची, तिथूनच तो परतला होता. येऊन पायरीवर बसला, पाणीसुद्धा मागितलं नाही.

"एका वस्तीवर लोकांनी डोंगरातला कडू कंद खणून आणला," तो म्हणाला. "एकदाच उकळला, बे. दोन लेकरं गेली. आई अजून डोळे उघडंना."

रामहरीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्यानं कपाटातून वही ओढून काढली, आप्पारावांपुढं उघडली आणि मोठ्यानं वाचली:

"कडू कंदाला गं बाई, तीन पाण्यांत उकळा,
पाणी तिन्हीदा फेकून, मग लेकराला घाला."

"बायकांचं दळण हाय न्हवं हे, वकीलसाहेब?"

आप्पारावांचा चेहरा उतरला. "कार्ड बदल," ते हळूच म्हणाले. "वही दे इकडं, मी स्वतः तहसिलीत जातो." आणि ते तसे गेलेही. रामहरीला त्याचं काडीचं समाधान वाटलं नाही. त्यानं रागारागातच नवं कार्ड लिहिलं.

चार दिवसांनी छबुबाई आली. शिरूरची बातमी दिंद्रुडच्या बाजारात पोचली होती. रामहरीनं तिला सगळं सांगितलं, आप्पारावांना शिव्या घालत घालत. लाल शाई सांगितली, चैत्रातली कमिटी सांगितली. मग नवं कार्ड पुढं धरलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं ते हातातही घेतलं नाही.

"वकिलाचं ऱ्हाऊ दे. माझी वही कुठं पडलीय, तुला ठावं होतं न्हवं?"

"ठावं होतं, मावशी."

"माझं म्हायेर शिरूरकडचं. पाऊस हुकला तवा म्या निघालेच होते, वस्त्यावस्त्यांवर जाऊन बायांना सांगावं म्हणून. पोरगी म्हणली, कशापायी तंगडतोड करतीस, रामहरीदादानं कागदावर घेतलंय, आतापत्तर समद्या गावांत गेलं आसंल. म्या म्हणलं, खरं हाय. तीन दिवस लिवत बसला होता लेकरू, वाया कसं घालवंल. अन् गाठोडं सोडून घरी बसले."

रामहरीनं पुढं धरलेलं कार्ड मागं घेतलं.

"आधी म्या निदान गात तरी होते," छबुबाई म्हणाली. "तू माझं तोंड बांधलंस, रामहरी."

ती उठली आणि शिरूरच्या वाटेला लागली. आत टेबलाशी आप्पाराव खाली मान घालून बसले होते. रामहरी दारात उभा राहिला. राग तेवढाच होता, पण आता तो वकिलांवर काढता येत नव्हता.