दहा वाजताचा फोन

"सिस्टर, चहा थंडा होऊन राह्यला," दुर्गाबाई दुसऱ्यांदा म्हणाली, तेव्हा बेबीनंदानं कप उचलला आणि तोंडाला न लावताच खाली ठेवला.

जालन्याहून आष्टीपर्यंत एसटीत तिनं सगळं घोकून घेतलं होतं. या दारात पाऊल टाकलं आणि पहिलं वाक्यच पळालं. चोवीस वर्षं नर्स म्हणून काढलेली बाई. मेलेल्या माणसाचे डोळेही तिनं न डगमगता मिटले होते. आता मात्र कुठंही फोन वाजला की ती उठून बाहेर जायची. घरचा फोन नवरा उचलायचा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, महिन्याची रजा दिली. ती रजा सोमवारी संपत होती आणि वॉर्डातला फोन काही रजेवर गेला नव्हता.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत रोज सकाळी दहाला नातेवाइकांना फोन करायचं काम तिच्याकडे होतं. आत कुणाला सोडत नव्हते; माणसं गावाकडे फोन हातात धरून बसायची. रजिस्टरात खाटेचा नंबर, पुढं पेशंटचं नाव आणि घरचा फोन. त्या दिवशी चौदा नंबरच्या माणसाला तिनं स्वतः दोन चमचे खिचडी भरवली. नोंदीप्रमाणं तीन दिवसांनी त्यानं तोंड उघडलं होतं, तिलाच कोण आनंद! रजिस्टरात चौदापुढं लिहिलं होतं बद्रीनाथ, आष्टी. तिनं लगेच त्याच्या बायकोला, दुर्गाबाईला, कळवलं, "आज जेवले बरं का तुमचे मालक."

ऑक्सिजनच्या सोयीसाठी पहाटेच दोन खाटांवरची माणसं बदलली होती. रजिस्टरात ते लिहायचं राहून गेलं. खिचडी खाल्ली ती दुसऱ्यानंच. बद्रीनाथ साडेसातलाच गेला होता. वॉर्डात तिला कुणी एका शब्दानं बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं.

"ताई, मला एक सांगायचंय," ती कशीबशी म्हणाली. "त्या दिवशी मी फोन केल्ता, तेव्हा तुमचे मालक..."

"म्हाईत हाये मला."

"कसं?" बेबीनंदानं विचारलं.

"दवाखान्याच्या कागदावर टाइम व्हता. साडेसात. अन् तुमचा फोन आल्ता दहाला. लई शिव्या देल्या म्या तुमाला, सिस्टर. वरीसभर देल्या."

"मंग आज चहा कशाला ठेवला?"

दुर्गाबाईनं आतल्या खोलीकडं पाहून आवाज खाली आणला. "तुमचा फोन आल्याबराबर म्या सासूला सांगतलं व्हतं. त्यायनी गल्लीभर सांगतलं. मंग दुपारी ते गेल्याचा दुसरा फोन आला. तवापासून त्या एकच धरून बसल्यात, लेकरू उपाशी न्हाई गेलं म्हनून. म्या कसं काढून घेऊ त्यायच्यापून?"

बेबीनंदाला रडू कोसळलं. वर्षभराचं साचलेलं, पदरात न मावणारं. दुर्गाबाईनं तिची समजूत काढली नाही आणि तिला थांबवलंही नाही. नुसती शेजारी सरकून बसली.

"कोन आलंय गं?" आतून भिंत धरत धरत सासू, द्वारकाबाई, आली.

"जालन्याच्या सिस्टर हायेत, आत्याबाई. ज्यायनी फोन केल्ता त्या."

म्हातारी चाचपडत जवळ बसली. बेबीनंदाचा हात तिनं आपल्या दोन्ही हातांत घेतला. "तुमीच भरवलं का वं माझ्या बद्रीला?"

बेबीनंदानं दुर्गाबाईकडं पाहिलं. ती दाराबाहेर बघत होती.

"हो आजी. मीच."

"किती खाल्लं?"

"दोन चमचे."

"गरम व्हती का खिचडी?"

"व्हती," बेबीनंदा म्हणाली, "पन फुकर घालू घालू भरवली, आजी."

तोंडावर दोन दोन मास्क बांधून कुणाला फुंकर घालता येत नाही, हे दुर्गाबाईला कळत होतं. ती उठली आणि थंड झालेला चहा पुन्हा चुलीवर ठेवायला आत गेली.